औद्योगिक रोबोटचे भाग आणि प्रकार: शेडवरून येणारे नेहमीचे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, शिरवळ, सातारा एमआयडीसी अशा ठिकाणांहून मला सतत फोन आणि मेसेज येतात. विचारणाऱ्यांत आयटीआय-डिप्लोमाची मुलं असतात, मशीन चालवणारे ऑपरेटर असतात, आणि पहिला रोबोट घ्यायचा की नाही या विचारात असलेले छोटे मालकही असतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. सोपे प्रश्न आधी, अडवणारे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, रोबोट म्हणजे नेमकं काय? आमच्या सीएनसीला किंवा एसपीएमलाही रोबोट म्हणायचं का?

नाही. आयएसओ ८३७३ या मानकाप्रमाणे औद्योगिक रोबोट आपोआप चालतो, प्रोग्राम बदलून त्याच्याकडून वेगवेगळी कामं घेता येतात आणि त्याला किमान तीन अक्ष असतात. एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) एकाच जॉबसाठी, म्हणजे यंत्रावर घडवायच्या एकाच वस्तूसाठी, बनवलेली असते. बारा भोकं पाडणारी एसपीएम उद्या वेल्डिंग करणार नाही. सीएनसीचा प्रोग्राम बदलता येतो, पण धातू कापण्यापलीकडे ती जात नाही. रोबोटच्या मनगटाला आज टॉर्च लावा, उद्या ग्रिपर, परवा पेंटची गन. दोन सिलिंडरवर पुढे-मागे आणि वर-खाली होणारा न्यूमॅटिक पिक-अँड-प्लेससुद्धा या व्याख्येत बसत नाही, विकताना त्याला सर्रास रोबोट म्हणत असले तरी.

कारखान्यात कामाला लागलेला पहिला रोबोट युनिमेट. जॉर्ज डेव्हॉल यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५४ मध्ये अर्ज केला. पुढे जोसेफ एंगलबर्गर यांच्यासोबत तो प्रत्यक्षात आला आणि १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात उभा राहिला. तिथे त्याला दिलेलं काम होतं डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेला जॉब बाहेर काढायचं. माणसाचे हात भाजणारं काम आधी रोबोटला दिलं गेलं, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

२. परीक्षेत ‘रोबोटचे मुख्य भाग लिहा’ असं येतं. काय लिहायचं?

चार भाग लिहा. एक, यांत्रिक हात म्हणजे मॅनिप्युलेटर. दोन, कंट्रोलर, म्हणजे शेजारी उभं असलेलं कपाट. तीन, टीच पेंडंट, म्हणजे हातात धरून शिकवायचं उपकरण. चार, एंड इफेक्टर: मनगटाच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर, बसणारं ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा), टॉर्च किंवा गन. चौथा भाग बहुतेक वेळा रोबोटसोबत येतच नाही, तो आपल्याला बनवून घ्यावा लागतो. सेन्सर, कॅमेरा, कुंपण, फिक्स्चर (जॉब जागेवर पकडून ठेवणारा साचा), कन्व्हेयर धरून जे उभं राहतं त्याला ‘सेल’ म्हणतात. हाताच्या आतल्या भागांसाठी प्रश्न ४, कपाटासाठी ५, पेंडंटसाठी ६ पाहा.

३. सहा अक्ष कशाला लागतात? कोणता अक्ष काय करतो?

तव्यावरची भाकरी उलटताना आपला हात काय करतो ते बघा. आधी हात तव्यापर्यंत जातो, मग मनगट वळतं. पोचणं हे एक काम आणि वळवणं हे दुसरं. रोबोटमध्येही तीच वाटणी आहे.

पहिला अक्ष म्हणजे कंबर: अख्खा हात डावी-उजवीकडे फिरतो. दुसरा म्हणजे खांदा, पुढे-मागे. तिसरा कोपर, वर-खाली. या तिघांनी मनगट हव्या त्या जागी नेलं. चौथ्याने पुढचा हात स्वतःभोवती पिळला जातो, कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. पाचव्याने मनगट वाकतं आणि सहाव्याने फ्लँज गरगर फिरते. जागा ठरवायला तीन आकडे लागतात, दिशा ठरवायला आणखी तीन, म्हणून सहा. जिथे जॉब कायम आडवाच राहतो, उदाहरणार्थ पोती रचणं, तिथे चार अक्षांत भागतं.

‘सातवा अक्ष’ हा शब्द कानावर येतो तेव्हा बहुधा रोबोट ज्यावर सरकतो ती रूळपट्टी किंवा जॉब फिरवणारा पोझिशनर असं म्हणायचं असतं.

४. हाताच्या आत काय असतं? मोटर थेट सांध्याला जोडलेली असते का?

जवळजवळ कधीच नाही. एसी सर्वो मोटर मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि सांध्याला हवे असतात थोडे फेरे पण भरपूर जोर. म्हणून मध्ये रिड्यूसर बसतो. रोबोटच्या आतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

साधा गिअरबॉक्स लावला तर दातांत थोडी फट राहते, जिला आपण बॅकलॅश म्हणतो. लेथच्या हँडलला ती चालून जाते. दीड मीटर लांब हाताच्या मुळाशी ती केसाएवढी असली तरी टोकाला जाणवते. यावर १९५७ मध्ये वॉल्टन मसर यांनी हार्मोनिक ड्राइव्हची युक्ती काढली. पातळ, लवचीक पोलादी वाटी, तिच्या बाहेरच्या कडेला दात. वाटीच्या आत लंबगोल तुकडा फिरतो आणि तिला दाबून अंडाकृती करतो. बाहेर कडक रिंग, तिला आतून दात, वाटीपेक्षा दोन जास्त. आतला तुकडा एक फेरी फिरला की वाटी दोन दात मागे सरकते. वाटीला २०० आणि रिंगला २०२ दात असतील तर मोटरच्या १०० फेऱ्यांत सांधा एकदा फिरतो. एका वेळी बरेच दात गुंतलेले असतात, त्यामुळे फट जवळजवळ उरत नाही.

हार्मोनिक ड्राइव्ह हलका असतो, म्हणून मनगटाकडे आणि छोट्या रोबोटांत दिसतो. कंबर, खांदा, कोपर इथे धक्के मोठे असतात. तिथे सायक्लॉइडल पद्धतीचा रिड्यूसर बसतो, त्याला शेडवर आरव्ही गिअर म्हणतात. रिड्यूसरचं ग्रीस वेळेवर बदलणं हे रोबोटच्या देखभालीतलं पहिलं काम.

मोटरच्या मागे एन्कोडर असतो, तो सांधा कुठे आहे ते मोजतो. त्याची एक दुखरी बाजू प्रश्न १६ मध्ये आहे. आणि मोटरमध्येच ब्रेक असतो, तो उलटा विचार करून बनवलेला आहे: वीज आली की सुटतो, गेली की स्प्रिंगने लागतो. मोठ्या रोबोटच्या खांद्याला तोल सांभाळायला स्प्रिंग किंवा गॅसचा सिलिंडरही असतो. माहिती नसताना तो खोलायचा नाही, आत प्रचंड दाब असतो.

५. कंट्रोलरच्या कपाटात काय असतं? पीएलसी वेगळा लागतो का?

मोटरना वीज पुरवणारे सर्वो ॲम्प्लिफायर, गणित करणारा संगणक, इनपुट-आउटपुट कार्ड आणि इमर्जन्सी सर्किट सांभाळणारं सेफ्टी बोर्ड. एकच मशीन आणि एक कन्व्हेयर असेल तर रोबोटच्या इनपुट-आउटपुटवर भागतं. दोन-तीन मशीन, दरवाजे, लाइट कर्टन (कोणी आत आलं की थांबवणारा प्रकाशाचा पडदा) असा पसारा झाला की वेगळा पीएलसी, म्हणजे सगळ्या यंत्रांचा ताळमेळ ठेवणारा छोटा संगणक, घ्या. आणि कपाटाच्या पंख्याची जाळी दर आठवड्याला साफ करा. उन्हाळ्यात येणाऱ्या कित्येक अलार्मचं मूळ त्या जाळीत सापडतं.

६. पेंडंटच्या मागचं बटण हलकं दाबलं तर रोबोट चालतो आणि जोरात दाबलं तर थांबतो. बटण खराब आहे का?

अजिबात नाही. असंच असायला हवं. त्या बटणाला तीन टप्पे असतात: सोडलेलं, अर्धं दाबलेलं, पूर्ण आवळलेलं. फक्त मधल्या टप्प्यात हात हलतो. माणूस घाबरला की हातातली वस्तू टाकून देतो किंवा मुठीत करकचून आवळतो, कोणता काय करेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही वेळी रोबोट थांबतो. शिकवण्याच्या मोडमध्ये वेग सेकंदाला २५० मि.मी.च्या वर जात नाही, तोही याच विचाराने.

ते बटण चिकटपट्टीने अर्धं दाबून बांधलेलं मी एका शेडमध्ये पाहिलं आहे. ‘बोटं दुखतात’ असं कारण मिळालं. बोटं दुखली तर काम थांबवा, हात बदला, पण पट्टी लावू नका. हे हात जोडून सांगतो.

७. रोबोटचे प्रकार किती आणि आपल्या भागातल्या कामांना कोणता लागतो?

रचनेवरून प्रकार पडतात.

सांध्यांचा म्हणजे आर्टिक्युलेटेड रोबोट सगळ्यांत जास्त दिसतो. प्रश्न ३ मध्ये वर्णन केला तोच. वेल्डिंग, सीएनसी लोड-अनलोड, पेंटिंग, फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढणं), सगळीकडे चालतो. याचाच चार अक्षांचा दणकट भाऊ म्हणजे पॅलेटायझर. साखर कारखान्यातली ५० किलोची पोती पॅलेटवर रचायची असतील तर तो हवा. पाठीवर पोतं घेणाऱ्या माणसाचा मणका किती वर्षं टिकतो, हे आपल्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

स्कारा जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ च्या सुमाराला तयार केला. दोन सांधे आडव्या पातळीत फिरतात आणि टोकाचा दांडा वर-खाली होतो. आडव्या दिशेला तो किंचित लवतो, उभ्या दिशेला ताठ राहतो. पिन भोकात बसवायची तर नेमकं हेच हवं: पिन आपली जागा शोधून घेते आणि वरून दाबही मिळतो. पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये छोटे भाग बसवणं, स्क्रू मारणं ही याची कामं.

कार्टेशियन म्हणजे सरळ रेषेत तिन्ही दिशांना सरकणारा. मोठ्या रूपात त्याला गॅन्ट्री म्हणतात. एका ओळीत चार सीएनसी आहेत आणि जमिनीवर जागा नाही, अशा ठिकाणी वरून धावणारी गॅन्ट्री उत्तम. समजायला सोपी, दुरुस्तीलाही सोपी. छोट्या शेडमध्ये तिचा विचार फार कमी होतो, याचं मला वाईट वाटतं.

डेल्टा म्हणजे छताला उलटा टांगलेला कोळी. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये रेमों क्लाव्हेल यांनी १९८० च्या दशकात तो काढला. मोटर वर चौकटीत राहतात, खाली फक्त हलक्या काड्या हलतात, म्हणून वेग अफाट. वजन मात्र जेमतेम उचलतो. हळदीच्या छोट्या पाकिटांनी बॉक्स भरायचे असतील तर याचा विचार करा. सांगलीच्या हळदीची बारीक पूड सांध्यात जाणार नाही असं मॉडेल मागायला विसरू नका.

दंडगोलाकार आणि ध्रुवीय हे दोन प्रकार पुस्तकात येतात. युनिमेट ध्रुवीय होता. नव्या खरेदीत ते आता क्वचितच येतात, परीक्षेपुरते लक्षात ठेवा.

८. कोबॉट घेतला की कुंपण लागत नाही, असं एजंट म्हणतो. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला रोबोट. रचनेने तो बहुधा सांध्यांचाच असतो. फरक एवढा की कशाला धडकला तर ते ओळखून थांबतो, आणि त्याचा जोर व वेग मर्यादेत ठेवलेला असतो. कोबॉटची मूळ कल्पना १९९६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कोलगेट आणि पेश्किन यांनी मांडली.

पण हात सौम्य असला म्हणून हातातली वस्तू सौम्य होत नाही. कोबॉटने धारदार कडेची पत्र्याची पट्टी धरली असेल आणि ती तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवरून जात असेल, तर कुंपण किंवा स्कॅनर हवाच. आयएसओ/टीएस १५०६६ मध्ये शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब सोसतो याची मोजमापं आहेत. संपूर्ण सेल त्यावर तपासायचा असतो. शिवाय माणसाजवळ सुरक्षित राहायला त्याला हळू चालावं लागतं. सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, १२ सेकंदांचा हवा आणि कोबॉट २० घेत असेल तर हिशेब फसला. जिथे जॉब वारंवार बदलतात, वजन कमी आहे आणि घाई नाही, तिथे मात्र छोट्या शेडला कोबॉट खरोखर उपयोगी पडतो.

९. एजीव्ही आणि एएमआर यात मोडतात का?

ते चाकांवरचे वाहतूक करणारे यंत्र-गडी आहेत. एजीव्ही जमिनीवरच्या पट्टीच्या किंवा तारेच्या मार्गाने जातं, एएमआर स्वतः नकाशा बनवून अडथळ्याला वळसा घालतं. इथे विषय हाताचा आहे, म्हणून एवढंच.

१०. १० किलो पेलोडचा रोबोट १० किलोचा जॉब उचलेल ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. पेलोड म्हणजे रोबोटच्या मनगटाला पेलवणारं एकूण वजन. त्यात ग्रिपर, ब्रॅकेट, त्यावरचा व्हॉल्व्ह, नळ्या, सगळं धरायचं.

सीएनसीवर चढवायचं कच्चं कास्टिंग (ओतीव भाग) ३ किलोचं आहे असं धरा. वेळ वाचवायला डबल ग्रिपर लावला: एका जबड्यात कच्चा जॉब घेऊन जायचं, दुसऱ्याने तयार जॉब काढायचा, फिरून कच्चा बसवायचा. म्हणजे एका क्षणी हातात दोन्ही आहेत. कच्चा ३ किलो, तयार २.६, ग्रिपर ४.२. बेरीज ९.८. कागदावर १० च्या आत आहे, पण गोष्ट इथे संपत नाही. हे वजन फ्लँजपासून किती लांब आहे? भरलेली कळशी छातीशी धरा आणि तीच हात लांब करून धरा, फरक खांदा सांगतो. प्रत्येक रोबोटच्या पुस्तकात भाराचा आलेख असतो: फ्लँजपासून अंतर वाढलं की चालणारं वजन घटतं. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अक्षाचं जडत्वही तपासावं लागतं. वरच्या उदाहरणात मी १० चा नाही, त्याच्या पुढचा रोबोट घेईन.

११. पुस्तकात ±०.०३ मि.मी. लिहिलंय. म्हणजे मी आकडा टाकला की तो तेवढ्या अचूक जागी जाईल?

तो आकडा पुनरावृत्तीचा आहे. लगोरी खेळताना एखाद्याचा चेंडू दर वेळी लगोरीच्या हातभर डावीकडे एकाच जागी पडतो. त्याची पुनरावृत्ती उत्तम, अचूकता वाईट. रोबोटला हाताने नेऊन जागा शिकवली तर तो पुन्हा पुन्हा तिथेच येईल, तिथे ±०.०३ खरा. पण संगणकावर आराखड्यातून आकडा काढून ‘या बिंदूवर जा’ म्हटलं तर चूक त्याच्या कित्येक पट असू शकते, कारण हाताची लांबी, सांध्यांचे कोन आणि वजनाने येणारा वाक कागदासारखे तंतोतंत नसतात. ऑफलाइन प्रोग्राम बनवून आणणाऱ्यांनी शेडवर बिंदू पुन्हा जुळवण्याचा वेळ धरूनच चालावं.

१२. ग्रिपर कसा निवडायचा?

जॉब हातात घेऊन. कुठे धरला की तो निसटत नाही, कुठे धरला तर चरा पडतो, तेलकट आहे का, गरम आहे का, हे सगळं तो लोड करणाऱ्या ऑपरेटरला आधीच माहीत असतं. त्याला विचारल्याशिवाय ग्रिपरचं ड्रॉइंग काढू नका.

गोल जॉबला तीन जबडे, चौकोनीला दोन. बेदाण्याच्या बॉक्सला किंवा गुळगुळीत पत्र्याला व्हॅक्युम कप. कच्च्या कास्टिंगवर व्हॅक्युम टिकत नाही, खडबडीत पृष्ठावरून हवा गळते. लोखंडाला चुंबक चालतो, पण जॉबमध्ये उरलेलं चुंबकत्व पुढे चिपा (धातूचा कीस) ओढून घेतं. हवेवर चालणारा ग्रिपर असेल तर हवा गेल्यावर जबडा बंदच राहावा म्हणून स्प्रिंग किंवा चेक व्हॉल्व्ह मागा. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

१३. फाउंड्रीत रोबोट टिकेल का?

टिकतो, पण साधा नाही. बहुतेक रोबोट ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे शेडबाहेरच चाळिशी गाठली जाते; भट्टीजवळ काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ओतायच्या लोखंडाचं तापमान १,४०० अंशांच्या आसपास असतं आणि त्याची धग थेट हातावर येते. त्यात सिलिका वाळूची धूळ सीलमध्ये शिरली की रिड्यूसरचं आयुष्य घटतं. म्हणून फाउंड्रीसाठीचं मॉडेल घ्या: आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारं संरक्षण, उष्णता सोसणारा रंग, गरजेनुसार जाकीट.

फेटलिंगचा प्रश्न वेगळाच आहे. ग्राइंडर मारणाऱ्या माणसाचं आयुष्य धुळीत आणि कंपनात जातं, त्यामुळे तिथे रोबोट यावा असं मला मनापासून वाटतं. अडचण अशी की एका साच्यातल्या दोन कास्टिंगवरचा फ्लॅश (कडेला आलेला जादा धातू) सारखा नसतो. माणूस डोळ्याने बघून हात दाबतो किंवा सैल सोडतो. रोबोट शिकवलेल्या वाटेने जातो: फ्लॅश कमी असेल तर हवेत फिरतो, जास्त असेल तर व्हील अडकतं. फोर्स सेन्सर किंवा लवणारा स्पिंडल लावून हे बरंच सुटतं. त्याच्या आधी पॅटर्न, कोअर आणि जॉब धरायचं फिक्स्चर सुधारा. दोन मोल्ड जुळत नसतील तर कितीही महागडा रोबोट आणला तरी फेटलिंग नीट होणार नाही.

१४. दादा, मी वेल्डर आहे. वेल्डिंग रोबोट आला तर माझी नोकरी जाईल का?

खोटा दिलासा देणार नाही. तासनतास एकच सरळ सीम मारायचं काम रोबोटकडे जाईल. पण रोबोटला गॅप दिसत नाही. सांध्याची जागा साधारण वायरच्या निम्म्या जाडीइतकी इकडे-तिकडे झाली, म्हणजे १.२ मि.मी. वायरला ०.६, की वेल्ड बिघडायला लागतो. टॉर्चचा कोन, करंट, वेग, कुठे आधी टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारला तर जॉब ओढला जाणार नाही, हे रोबोटला शिकवणारा माणूस वेल्डर नसेल तर वेल्ड चांगला होत नाही. मी पाहिलेले सर्वांत चांगले रोबोट वेल्डिंग प्रोग्रामर आधी हाताने वेल्डिंग करणारे होते. पेंडंट शिकायला काही आठवडे पुरतात, वितळलेला धातू वाचायला वर्षं लागतात, आणि ते तुमच्याकडे आहे. पेंडंट हातात मागून घ्या. मालक मंडळींना विनंती: प्रशिक्षणाला पाठवायचा पहिला माणूस वेल्डरच असू द्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घ्यायला तयार नव्हते. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्या वाडीभोवतीच्या गावांतून पुढे मोल्डर, टर्नर, फिटर घडत गेले. त्यांची नातवंडं आज मला हा प्रश्न विचारतात.

जाता जाता: आर्क वेल्डिंगच्या रोबोटला ६ ते १० किलो पेलोड पुरतो. स्पॉट वेल्डिंगची गन जड असते, तिथे शंभराच्या वरचा लागतो.

१५. सरळ रेषेत नेताना हात मध्येच अडतो किंवा मनगट एकदम गरकन फिरतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही, सिंग्युलॅरिटी आहे. पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एकाच रेषेत येतात. मग टोकाची तीच दिशा या दोघांच्या असंख्य जोड्यांनी मिळू शकते. टोक सरळ रेषेत ठरल्या वेगाने न्यायचं तर या दोघांना उलट दिशांनी क्षणात अर्धा फेरा घ्यावा लागतो. कंट्रोलर अलार्म देतो किंवा वेग पाडतो. हात पूर्ण ताठ झाला किंवा मनगट बरोबर कंबरेच्या अक्षावर आलं तरी अशीच अडचण होते.

उपाय साधे आहेत. तिथे रेषेची गरज नसेल तर लिनिअरऐवजी (सरळ रेषेऐवजी) जॉइंट मूव्ह द्या, म्हणजे प्रत्येक सांधा आपापल्या वाटेने फिरेल. रेष हवीच असेल तर ग्रिपरचं किंवा टॉर्चचं ब्रॅकेट काही अंश तिरकं बसवा, म्हणजे पाचवा अक्ष शून्यातून जाणार नाही. नाहीतर फिक्स्चर सरकवा. सेल उभारण्याआधी संगणकावर हे तपासून घेतलं तर फाउंडेशन पुन्हा तोडावं लागत नाही.

१६. बॅटरी बदलली आणि आता रोबोट ‘मास्टरिंग करा’ म्हणतो. काय झालं?

हे माझ्या हातूनही झालं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका युनिटमध्ये बॅटरीचा इशारा आला. मी शहाणपणाने मेन स्विच बंद केला, कारण वीज बंद केल्याशिवाय काही उघडायचं नाही असं शिकलो होतो, आणि बॅटऱ्या बदलल्या. चालू केल्यावर सहाही अक्षांनी आपलं शून्य गमावलेलं. रात्रपाळीचं सगळं उत्पादन बुडालं आणि पुढचे दोन दिवस बिंदू जुळवण्यात गेले.

एन्कोडर वीज नसताना किती फेरे झाले ते बॅटरीच्या जिवावर लक्षात ठेवतो. म्हणून बहुतेक रोबोटांत बॅटरी बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा, इमर्जन्सी दाबून ठेवायची आणि मगच हात घालायचा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात नेमकी पद्धत पाहा. काही नव्या रोबोटांत बॅटरीच नसते. आता झालंच असेल तर प्रत्येक सांध्यावर शून्याच्या खुणा असतात, त्या जुळवून मास्टरिंग करा, म्हणजे प्रत्येक अक्षाला त्याचं शून्य पुन्हा सांगा. मग जुन्या प्रोग्राममधला एखादा सुरक्षित बिंदू अगदी हळू तपासा. मास्टरिंगचे आकडे आणि पूर्ण बॅकअप आजच पेन ड्राइव्हवर घ्या, आणि आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दारात आतून चिकटवा.

१७. मध्येच लाइट गेली तर रोबोट खाली पडतो का? परत आल्यावर स्टार्ट दाबू का?

हात पडत नाही, ब्रेक लागतात (प्रश्न ४). ब्रेक झिजला असेल तर हात हळूहळू खाली येतो. असं दिसलं तर काम थांबवा. पडू शकतो तो हातातला जॉब, कॉम्प्रेसर बंद पडल्यावर ग्रिपर सुटला तर (प्रश्न १२).

वीज आल्यावर सरळ स्टार्ट दाबू नका. हात मशीनच्या चकच्या (जॉब पकडणाऱ्या जबड्याच्या) आत अडकलेला असू शकतो. हाताने, हळू वेगात त्याला बाहेर काढून होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागी, न्या. वेगळं अर्थिंग, व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर, आणि रोबोटला ४१५ व्होल्ट चालत नसेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर, यावर काटकसर करू नका.

१८. रोबोटवरच ड्रिलिंग-मिलिंग करून सीएनसीचे पैसे वाचतील का?

पोलादावर आणि कास्ट आयर्नवर नाही. सहा सांध्यांची साखळी सीएनसीच्या बेडइतकी ताठ नसते. टूल लागताच हात लवतो आणि थरथरतो. बर काढणं, फायबर किंवा ॲल्युमिनियमचं ट्रिमिंग, फोम कोरणं चालतं.

१९. जुना रोबोट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? नव्याला किती खर्च धरायचा?

खर्चाचं आधी. हाताची किंमत ही पूर्ण किंमत नव्हे. ग्रिपर, फिक्स्चर, कुंपण, वायरिंग, प्रोग्रामिंग धरून सेलचा खर्च साधारण नुसत्या रोबोटच्या दुप्पट-तिप्पट होतो. कोटेशन मागताना सेलचंच मागा.

जुन्याचं म्हणाल तर हात बघून भुलू नका, रंग नवा मारता येतो. प्रत्येक सांधा हाताने हलवून खेळ जाणवतो का पाहा. रिड्यूसरचं ग्रीस काढून त्यात लोखंडाची चकाकी दिसते का बघा. कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का ते कंपनीला फोन करून विचारा. हात वीस वर्षं टिकतो, कार्ड मिळत नाहीत. मास्टरिंगचा डेटा आणि बॅकअप मिळतोय का? वेल्डिंगसारखे सॉफ्टवेअर पर्याय त्यात आहेत का? शिकण्यासाठी जुना घ्यायला माझी हरकत नाही. ग्राहकाची रोजची डिलिव्हरी ज्यावर अवलंबून आहे अशा लाइनवर मात्र मी घेणार नाही.

२०. मी डिप्लोमा करतोय. कोणत्या कंपनीचा रोबोट शिकू?

जो हाताला लागेल तो. फॅनकचं टीपी, एबीबीचं रॅपिड, कुकाचं केआरएल, यास्कावाचं इन्फॉर्म या भाषा वेगळ्या दिसतात, पण जॉइंट, लिनिअर, सर्क्युलर या हालचाली, टूलचा आणि जॉबचा फ्रेम, इनपुट-आउटपुट हे सगळीकडे आहेच. टीसीपी म्हणजे टूलच्या टोकाचा बिंदू नीट काढता आला पाहिजे. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. त्याआधी मल्टिमीटर, रिले, सेन्सर, पीएलसीचं लॅडर आणि ड्रॉइंग वाचणं. सांगलीच्या वालचंदमध्ये असा, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत असा की गावच्या आयटीआयमध्ये, सुट्टीत एखाद्या शेडवर फिक्स्चर बनवणाऱ्याजवळ महिनाभर उभे राहा.

२१. रोबोट थांबलेला असताना आत जाऊन पटकन चिपा काढल्या तर चालेल ना? दोन मिनिटांचं काम असतं.

थांबलेला रोबोट आणि बंद केलेला रोबोट लांबून सारखेच दिसतात. तो बहुधा सिग्नलची वाट बघत असतो: मशीनचं दार उघडल्याचा, कन्व्हेयरवर जॉब आल्याचा. चिपा काढताना तुमचा हात सेन्सरसमोर गेला तर त्याला वाटतं जॉब आला. तो पूर्ण वेगाने निघतो, पेंडंटच्या २५० मि.मी.ने नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका कास्टिंग कारखान्यात २५ वर्षांचा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला होता. यंत्राचा हात मागून आला. यंत्राच्या हाताने माणूस गेल्याची नोंद झालेली ती पहिली घटना.

आत जायचं तर दाराचा इंटरलॉक (दार उघडताच रोबोट थांबवणारा स्विच) उघडून, मोड स्विच मॅन्युअलवर फिरवून, मेनला स्वतःचं कुलूप लावून जायचं. कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची नाही, सुपरवायझरकडेही नाही. दोघं आत जाणार असाल तर दोन कुलपं लावा आणि आपापली किल्ली आपापल्या खिशात ठेवा.